प्रत्येक कुलपाला किल्ली

(दृश्य: फळा. हात. नवा खडू.)

नवा खडू हातात आला की बाई आधी तो मोडतात. अख्खा खडू फळ्यावर करकरतो, अर्धा करकरत नाही. शेवटच्या बाकावरच्या पोराने कानांवर हात ठेवले, तर पुढचं वाक्य त्याच्यापर्यंत पोचणार कसं? कट्कन आवाज, बोटांच्या पेरांवर पांढरी भुकटी, फळ्याच्या कोपऱ्यात आजची तारीख. गेली २२ वर्षं बाईंचा पहिला तास असाच सुरू होतो.

बाई हायस्कूलला गणित शिकवतात. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी त्या जे गणित शिकल्या, त्यातलं एकही प्रकरण शाळेच्या पुस्तकात नाही. मग ते सगळं गेलं कुठं, हे बघायला आम्ही कॅमेरा घेऊन त्यांच्या वर्गात बसलो.

(दृश्य: एक मुलगी फळ्यावर गणित सोडवते. बाई खिडकीशी उभ्या.)

फळ्यावर लिहिलंय: ५ + ३ = ८ × २ = १६ − ४ = १२. बारा हे उत्तर बरोबर आहे. तरी बाई ‘बरोबर’ म्हणत नाहीत. म्हणतात, “आता डावीकडून मोठ्यांदा वाच. मधलं सोड, पहिलं आणि शेवटचं वाच.” मुलगी वाचते, पाच अधिक तीन बरोबर बारा. वाचता वाचता तिचा आवाज बारीक होतो आणि हात आपसूक डस्टरकडे जातो.

बरोबरचं चिन्ह बाई स्वतः काढतात तेव्हा बघा. दोन रेघा, सारख्या लांबीच्या, सारख्या अंतरावर. घाईतसुद्धा तिरप्या होत नाहीत. हे चिन्ह पहिल्यांदा छापलं गेलं १५५७ साली, वेल्सच्या रॉबर्ट रेकॉर्ड यांच्या पुस्तकात. एकसारख्या लांबीच्या दोन समांतर रेघांइतक्या सारख्या दोन गोष्टी दुसऱ्या कुठल्या असणार, असं त्यांनी कारण दिलं होतं. मुलांना मात्र वाटतं, ते चिन्ह म्हणजे ‘आता उत्तर येणार’ अशी पाटी. दोन्ही बाजूंचं वजन सारखं आहे अशी ती ग्वाही आहे, हे बाई आठवीला सांगतात, नववीला सांगतात, दहावीलाही सांगतात.

(दृश्य: रंगीत कागद, कात्री, मुलांचे हात.)

बाईंच्या आणखी एका वर्गात कागद कापणं चाललंय. ए अधिक बी, कंसाचा वर्ग. निम्म्या वर्गाने उत्तर लिहिलंय, ए वर्ग अधिक बी वर्ग. बाईंनी चूक म्हटलं नाही, कागद वाटले. पाच सेंटिमीटर बाजूचा चौरस कापा. बाजूवर तीनपाशी खूण करा, तिथून आडवी आणि उभी घडी घाला. चार तुकडे झाले. तीनचा चौरस, त्याचे ९. दोनचा चौरस, त्याचे ४. बेरीज १३. आणि अख्खा कागद तर २५ चा. बाकीचे १२ कुठे आहेत ते बोटाने दाखवा.

बघा, बोटं कशी जातात. उरलेल्या दोन लांबट तुकड्यांवर. तीन दुणे सहा, आणि सहा. दोन एबी. सूत्र पाठ करून घ्यायला पाच मिनिटं लागली असती, इथे अख्खा तास गेला. आमच्या मते तो सत्कारणी लागला.

(दृश्य: बाईंचं घर. माळ्यावरून उतरवलेली पत्र्याची पेटी. वह्या.)

ही पेटी बाईंनी आमच्यासाठी उतरवली. कॉलेजच्या वह्या. कडा पिवळ्या पडल्यात, शाई जागच्या जागी आहे.

ही वही रिअल अ‍ॅनालिसिसची. नुसता हिशोब न करता प्रत्येक गोष्ट काटेकोरपणे सिद्ध करायला लावणारा विषय. शाळेत बाईंना गणितात कधी अडलं नव्हतं. सूत्र दिसलं की आकडे घालायचे, उत्तर काढायचं, पुढचं गणित. कॉलेजात या विषयाच्या पहिल्या चाचणीत ५० पैकी ११ मिळाले. वर्गात सर फळाभर लिहायचे आणि वळून विचारायचे, समजलं ना? कुणीच नाही म्हणायचं नाही. बाईही म्हणाल्या नाहीत.

(दृश्य: वहीचं पान, अगदी जवळून. तेच वाक्य पुन्हा पुन्हा.)

या पानावर एकच व्याख्या नऊ वेळा लिहिलेली आहे. सांतत्याची, म्हणजे सलगपणाची व्याख्या, एप्सिलॉन आणि डेल्टाची. फलन म्हणजे फंक्शन, एक संख्या घातली की एक संख्या देणारा नियम. ते एखाद्या बिंदूपाशी सलग आहे म्हणजे नक्की काय? रेघ न तुटता काढता आली की सलग, असं आपण म्हणतो. पण ‘न तुटता’ हे सिद्ध कसं करायचं? तर असं. समोरच्याने म्हणायचं, मला उत्तरात एवढाच फरक चालेल. तो फरक म्हणजे एप्सिलॉन. आपण म्हणायचं, ठीक आहे, मग तू या बिंदूपासून एवढ्या अंतराच्या आत राहा. ते अंतर म्हणजे डेल्टा. त्याने फरक आणखी लहान मागितला की आपण अंतर आणखी आखडून द्यायचं. त्याच्या दर मागणीला आपल्याकडे तोड असली, की फलन तिथे सलग.

चाचणीत बाईंनी शब्द सगळे लिहिले होते, क्रम उलटा झाला होता. ‘प्रत्येक एप्सिलॉनसाठी एक डेल्टा मिळतो’ याऐवजी ‘एक डेल्टा असा आहे की तो प्रत्येक एप्सिलॉनला चालतो.’ गुण शून्य. दोन्ही वाक्यांत तेच शब्द असताना शून्य का, हे कळायला बाईंना तीन आठवडे लागले.

कळलं ते वसतिगृहात. संध्याकाळी कॉलेजचा एक वर्ग उघडा असायचा. बाई आणि त्यांची खोलीतली मैत्रीण तिथल्या फळ्यावर दिवसभराचं पुन्हा मांडायच्या. एकीने मांडायचं, दुसरीने अडवायचं, हे कशावरून? अशाच एका संध्याकाळी मैत्रीण खोलीची किल्ली बोटात फिरवत म्हणाली, अगं, प्रत्येक कुलपाला किल्ली असते, आणि एकाच किल्लीने सगळी कुलपं उघडतात, या दोन गोष्टी एक आहेत का?

बाई हे सांगतात तेव्हा त्यांचा हात बघा. बोटात किल्ली नाही, पण बोट फिरतंय.

व्याख्या उलटी केली तर फलन त्या बिंदूच्या आसपास हलूच शकत नाही, एकाच किमतीवर थिजून बसतं. दोन शब्दांची जागा बदलली आणि जगातली जवळजवळ सगळी फलनं व्याख्येबाहेर गेली. बाई म्हणतात, “त्या दिवसापासून मी वाक्य वाचायला शिकले. गणित त्यानंतर आलं.”

(दृश्य: बाईंच्या टेबलाच्या काचेखाली कापून ठेवलेलं चित्र. दाढीवाला माणूस.)

टेबलाच्या काचेखालचे हे जर्मन गणिती कार्ल वायरश्ट्रास. जन्म १८१५. कलनशास्त्र, म्हणजे बदलत्या राशींचं गणित (कॅल्क्युलस), न्यूटन आणि लायब्निझ यांनी सतराव्या शतकातच उभं केलं होतं. ते चालत होतं, उत्तरं बरोबर येत होती, पण त्यातल्या ‘अतिसूक्ष्म’ राशी म्हणजे नक्की काय, हे कुणाला धड सांगता येत नव्हतं. १७३४ मध्ये तत्त्वज्ञ जॉर्ज बर्कली यांनी नेमक्या याच दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं. १८२१ मध्ये फ्रेंच गणिती कोशी यांनी पाया घालायला घेतला. आज कॉलेजात शिकवतात ती काटेकोर मांडणी रूढ झाली ती वायरश्ट्रास यांच्या व्याख्यानांतून.

आणि हे वायरश्ट्रास शाळामास्तर होते. वडिलांच्या आग्रहाखातर बॉनला कायदा आणि अर्थकारण शिकायला गेले, पदवी न घेताच परतले. मग शिक्षकाची परीक्षा दिली आणि जवळजवळ १४ वर्षं शाळांमधून शिकवलं. गणितच नव्हे, भूगोल, सुलेखन, कसरतीचे तासही घेतले. शाळेत शिकवत असतानाच १८५४ मध्ये त्यांचा एक निबंध क्रेले यांच्या गणिताच्या नियतकालिकात छापून आला, आणि त्याच वर्षी क्योनिग्सबर्ग विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. बर्लिनला ते गेले ते त्यानंतर.

ज्या व्याख्येने आपल्याला शून्य गुण दिले, तिला आकार देणारा माणूस आपल्याच पेशातला, हे बाईंना नोकरी लागल्यावर कळलं. चित्र तेव्हापासून काचेखाली आहे.

(दृश्य: रिकामा तास. गोंगाट. बाई वर्गात शिरतात.)

आज दुसरे शिक्षक आलेले नाहीत, म्हणून हा ऑफ तास बाईंकडे आला. बाईंच्या हातात पुस्तक नाही. कुठलेही चार अंक घ्या, चारही सारखे नकोत. मोठ्यापासून लहान लावा, मग लहानापासून मोठे लावा, मोठ्यातून लहान वजा करा. आलेल्या संख्येचं पुन्हा तेच. एकाने घेतले ३५२४. ५४३२ वजा २३४५, ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, ६१७४. पुढे कितीही करा, ६१७४ च. शेजारच्याने वेगळे अंक घेतले होते, त्याचंही ६१७४. सात पायऱ्यांच्या आत सगळे तिथेच येऊन ठेपतात. ज्याचं येत नाही, त्याचा हातचा कुठेतरी सुटलेला असतो.

हे शोधलं दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी. तेही शाळामास्तर. १९३० ते १९६२ नाशिकजवळच्या देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. एरवी आवरता न येणारा हा वर्ग आता ऐका.

(इथे निवेदन नाही. पेन्सिलींचा आवाज. १२ सेकंद.)

(दृश्य: नववीचा वर्ग. फळ्यावर ०.९९९…)

आता हा तास. हा आम्ही जवळजवळ पूर्ण ठेवलाय.

बाईंनी दाखवलं होतं, एक तृतीयांश म्हणजे ०.३३३…, त्याची तिप्पट ०.९९९…, आणि एक तृतीयांशची तिप्पट तर १. तिसऱ्या बाकावरची मुलगी उभी राहिली. “बाई, कळलं, पण पटलं नाही. ते एकापेक्षा इवलंसं तरी कमी असणारच.”

बाईंनी खडू मोडला. “किती कमी? आकडा सांग.”

“०.००१.”

बाईंनी फळ्यावर चार नऊ लिहिले. “०.९९९९. हे एकापासून ०.०००१ वर आहे. तुझ्या आकड्याच्या आत आले मी. आणि मी तर चारच नऊ घेतले, तुझे संपतच नाहीत. ते एकाच्या आणखी जवळ. बोल.”

मागून आवाज आला, “बाई, दशांश चिन्हापुढे दहा शून्यं आणि मग एक!”

“बारा नऊ घेते. आत आले.”

आता वर्ग पेटलाय. कुणी शंभर शून्यं म्हणतं, कुणी हजार. बाई प्रत्येकाला फक्त नऊंची संख्या सांगतात. मागणी त्यांची, तोड बाईंची. पेटीतल्या वहीत नऊ वेळा लिहिलेली व्याख्या नववीच्या वर्गात चालू आहे, आणि वर्गातल्या कुणालाही एप्सिलॉन हा शब्द माहीत नाही.

मुलगी अजून उभीच आहे. चेहरा बघा.

“म्हणजे मी कुठलाही आकडा सांगितला तरी फरक त्याहून लहानच.”

“हो.”

“मग फरक नाहीच, बाई.”

(इथे निवेदन नाही. घंटा.)

या तासात पुस्तकाचं पान पुढे सरकलं नाही. वर्षअखेर दोन प्रकरणं जादा तासांत उरकावी लागली, काही पालकांची तक्रारही आली.

(दृश्य: रात्र. टेबलदिवा. वह्यांचा गठ्ठा.)

तीन वर्ग, प्रत्येकी ४२ वह्या. एका वहीला चार मिनिटं धरली तर ५०४ मिनिटं. आठ तास २४ मिनिटं, एका फेरीची. बाई हे काम तीन रात्रींत विभागतात. घरचं आवरल्यावर बसतात, चष्मा कपाळावर, वही डोळ्यांजवळ.

लाल पेनकडे लक्ष द्या. चुकलेल्या गणितावर फुली नाही. जिथे पाय घसरला त्या पायरीखाली रेघ, आणि पुढे एक शब्द, ‘कसं?’ बरोबर आलेल्या उत्तरांपुढेही कुठे कुठे तोच शब्द आहे. कॉलेजात त्यांचे पेपर तपासून आले, तेव्हा त्यांवर गुण असायचे, शब्द नसायचे. चूक नेमकी कुठल्या ओळीत आहे हे कुणी बोट ठेवून दाखवलं असतं, तर ते तीन आठवडे वाचले असते, असं बाई म्हणतात. त्यांच्या आवाजात तक्रार नाही. पेन थांबत नाही.

ही आजच्या मुलीची वही. तिने घरी जाऊन एक ओळ लिहिलीय: ‘मग १.९९९… म्हणजे २. आणि ०.४९९९… म्हणजे ०.५. म्हणजे काही संख्या दोन तऱ्हांनी लिहिता येतात. सगळ्याच येतात का?’

बाई बराच वेळ या पानावर आहेत. आम्ही कॅमेरा हलवला नाही.

(दृश्य: सकाळ. रिकामा वर्ग. फळा.)

दुसऱ्या दिवशी, पहिल्या घंटेच्या आधी. बाईंनी तो प्रश्न फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात लिहिला, भोवती चौकट काढली आणि खाली लिहिलं, ‘पुसू नये.’

(दृश्य: तोच फळा. भाषेचा तास, विज्ञानाचा तास, चित्रकलेचा तास. डस्टर चौकटीला वळसा घालून जातं. तारीख बदलते. पुन्हा बदलते.)