खिळा न ठोकता खोली सजवताना
(वसतिगृहात नव्याने राहायला आलेल्या विद्यार्थ्यांसमोर जळगावात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मित्रमैत्रिणींनो, खोलीची किल्ली हातात आली की बाजारात जायच्या आधी भिंतीवरून तळहात फिरवा. हाताला पांढरी भुकटी लागली, तर त्या भिंतीवर कुठलीच चिकटपट्टी टिकणार नाही. पट्टी भिंतीला चिकटत नाही, त्या भुकटीला चिकटते. आणि मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की तिचा डिंकही मऊ पडतो. ऑइलपेंटच्या भिंतीचा त्रास उलटा. पट्टी घट्ट बसते आणि काढताना रंगाचा पापुद्रा घेऊनच येते. मग अनामत रकमेतून पैसे कापले जातात. म्हणून आज सांगणार आहे त्यातलं काहीही भिंतीला चिकटवायचं नाही की ठोकायचं नाही.

सगळी सजावट एका दोरीवर तोलता येते. खिडकीच्या गजापासून दारावरच्या झडपेच्या गजापर्यंत ती बांधा. पंख्याच्या हुकाला किंवा वायरच्या पाइपला मात्र कधीही बांधू नका. नायलॉनची दोरी दिवसेंदिवस ताणत जाते, त्यापेक्षा तागाच्या सुतळीची तीन पदरी वेणी घाला. १० फूट वेणीसाठी प्रत्येक पदर १४ फुटांचा घ्या.

आता नेमकी चूक होते ती इथे: दोरी सरळ दिसावी म्हणून सगळे ती ताणून बांधतात. १० फुटी दोरीच्या मधोमध १ किलो वजन टांगलं आणि ती ४ इंच झुकली, तर प्रत्येक टोकाला साधारण साडेसात किलोचा ओढा बसतो. ८ इंच झुकू दिली की तो निम्म्यावर येतो. गाठ सुटते, सुतळी तुटते, ती बहुतेक या ओढ्यामुळेच. झोळ राहू द्या, दिसतोही छान.

दोरीवरची चित्रं पंख्याच्या वाऱ्यानं फडफडतात आणि आठवड्यात कोपरे दुमडतात. चित्राच्या वरच्या आणि खालच्या कडेला एकेक काडी लावली की ते सरळ लोंबतं. काडी विकत आणू नका, शेतात पऱ्हाटी, म्हणजे कापूस वेचून उरलेली कपाशीची वाळकी झाडं, पडलेली असते. फक्त वाळलेली बोंडं एकूण एक तोडून नष्ट करा, कारण गुलाबी बोंडअळी त्यांच्यात दडून राहते. साल सोलून काड्या आठवडाभर कडक उन्हात ठेवा. खाली बारीक भुसा पडताना दिसला तर आत किडा आहे, ती काडी फेकून द्या.

पश्चिमेची खिडकी असेल त्यांनी पडद्यावर पैसे घालू नयेत. ऊन काचेतून आत आलं की पडदा स्वतःच तापतो आणि ती उष्णता खोलीतच सोडतो. आडोसा काचेबाहेर हवा. आपल्या जळगावात प्लास्टिकच्या चटया बनतात. फिकट रंगाची चटई खिडकीपेक्षा चारही बाजूंनी ३ इंच मोठी कापा, कडा कापडी पट्टीनं शिवून घ्या आणि बाहेरून गजाला बांधा. कड न शिवता वापरली तर वीण उसवत जाते. उन्हानं हे प्लास्टिक ठिसूळ होतं, तेव्हा नवी वाया न घालवता जुनी, टाकाऊ चटईच घ्या. आतून आजीच्या जुन्या सुती लुगड्याचा पडदा लावा, तो रंगासाठी. खिडकीच्या रुंदीच्या दीडपट कापड घेतलं की चुण्या नीट पडतात.

पुस्तकांसाठी खोक्यांचा कप्पा. पुठ्ठ्याच्या दोन कागदांमध्ये ज्या बारीक नळ्या असतात, त्या उभ्या बाजूंमध्ये उभ्याच यायला हव्यात. आडव्या आल्या तर कप्पा वजनाखाली बसतो. फळीसाठी पुठ्ठ्याचे तीन थर, मधल्या थराच्या नळ्या बाकीच्या दोन थरांच्या नळ्यांना आडव्या. चिकटवायला खळ पुरते: १ वाटी मैदा थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, उरलेलं पाणी धरून एकूण ५ वाट्या होऊ द्या, आणि अर्धपारदर्शक होईपर्यंत शिजवा. शिजवलेली खळ दोन दिवसांत आंबते, म्हणून लागेल तेवढीच करा. वरून रंगीत कागद लावाल तर दोन्ही बाजूंनी लावा. एकाच बाजूचा कागद वाळताना आखडतो आणि फळी वाकते. वाळेपर्यंत वर पुस्तकांचा दाब ठेवा.

दिव्यावरच्या कागदी टोपीबद्दल थोडक्यात. आत फक्त एलईडी बल्ब, चारही बाजूंनी ४ इंच मोकळं, आणि वरचं तोंड उघडं. एलईडीचा बुडखा तापतो. हवा कोंडली की बल्ब लवकर जातो.

शेवटी सोपट, म्हणजे केळीच्या खोडाचे वाळलेले पदर. रावेर, यावल, चोपड्याकडच्या मुलांना हे सांगायला नको, पण केळीचा घड उतरवला की खोड वाया जातं, आणि त्याच्या बाहेरच्या वाळलेल्या पदरांपासून फार देखण्या टोपल्या होतात. झाडावरच वाळलेलं सोपट घ्या. हिरव्या खोडात पाणी भरपूर, वाळायला वेळ लागतो, शिवाय चिकाचे डाग कपड्यांवरून जात नाहीत. अर्ध्या इंचाच्या पट्ट्या फाडा, पंधरा मिनिटं पाण्यात बुडवा आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. कोरड्या पट्टीला वळण दिलं की ती चिरते. पेन्सिलीएवढी जाड जुडी करा, तिच्यावर एक पट्टी गुंडाळत जा आणि गोल वळवताना दर अर्ध्या इंचावर दाभणानं मागच्या वळशातून टाका घ्या. पहिले दोन वळसे सर्वांत किचकट, तिथे घाई केली तर बूड मध्ये फुगून येतं आणि टोपली डुगडुगते. बूड हवं तेवढं झालं की जुडी मागच्या वळशाच्या बाजूला न ठेवता वर ठेवायची, भिंत उभी राहते.

टोपली दोन दिवस सावलीत वाळवा. पावसाळ्यात ती कपाटात कोंडू नका. सोपट हवेतली ओल ओढून घेतं आणि बुरशी धरतं. बुरशीचे ठिपके दिसले तर कोरड्या ब्रशनं बाहेर झटका, उन्हात तासभर ठेवा आणि पुन्हा त्याच सुतळीवर टांगा, म्हणजे खालून-वरून वारा लागत राहील.