शिफ्टमध्ये तार किती वेळा तुटली?

मागच्या रांगेतून कुणीतरी आत्ताच म्हटलं, "सोलापुरात गोल्फ? का बे, ऊन कमी पडलं काय?" ऐकलं मी. बरोबर आहे तुमचं. माझा धंदा टेरी टॉवेलचा, तेरा-चौदा वर्षांमागं एका गिऱ्हाइकानं गोल्फ टॉवेलची ऑर्डर दिली, अरुंद टॉवेल, तीन घड्या घालून कोपऱ्यात रिंग बसवायची, आणि आम्हाला काय कळेना की टॉवेलला रिंग कशाला. ते म्हणाले पुण्याला या, दाखवतो. ती रिंग बॅगेला अडकवायची असते एवढं कळायला मी गेलो आणि येताना एक काठी विकत घेऊन आलो. तेव्हापासून महिन्यातून एक-दोनदा पुणं. हुतात्मा एक्सप्रेसमध्ये ती लांब बॅग घेऊन चढलो की शेजारचा माणूस विचारतोच, काका, तंबोरा का? एकदा कंटाळून हो म्हटलं तर कुर्डुवाडीपर्यंत त्यानं भीमसेनजींबद्दल सांगितलं.

आज बोलायचंय ते नव्या ड्रायव्हरबद्दल. ड्रायव्हर म्हणजे गाडीचा नव्हे. बॅगेत जास्तीत जास्त चौदा काठ्या ठेवता येतात, त्यातली सगळ्यात लांब, सगळ्यात मोठ्या डोक्याची, खुंटीवर म्हणजे टीवर बॉल ठेवून पहिला लांब फटका मारायची ती ड्रायव्हर. माझा जुना ड्रायव्हर नऊ डिग्री लोफ्टचा होता, लोफ्ट म्हणजे डोक्याच्या पुढच्या बाजूचा मागं असलेला कल, आणि शाफ्ट म्हणजे दांडा स्टिफ, कमी वाकणारा. का घेतला होता? तर टीव्हीवरचे लोक तसला वापरतात म्हणून. टीव्हीवरच्या लोकांचं डोकं, म्हणजे काठीचं डोकं, ताशी एकशेदहा-पंधरा मैलांनी फिरतं आणि माझं अठ्ठ्याऐंशीनं. मला नऊ डिग्री म्हणजे बॉल वर उठायच्या आधीच खाली यायला लागतो. हे कळायला मला सहा वर्षं लागली आणि ते कुणी सांगितलं नाही असंही नाही, सांगितलं होतं, मी ऐकलं नाही.

आधी एक गंमत सांगतो, आपल्या सोलापूरची. जुन्या काळी या ड्रायव्हरचं डोकं लाकडाचं असायचं, म्हणून त्याला अजून 'वुड' म्हणतात. ते लाकूड पर्सिमन नावाच्या अमेरिकन झाडाचं. आता हे पर्सिमन कोण, तर आपल्या टेंभुर्णीचं भावकीतलं झाड, एकाच वंशातलं. टेंभुर्णीचं पान म्हणजे तेंदूपत्ता, ज्यावर आपल्याकडच्या हजारो बायकांनी विड्या वळून घरं चालवली. पुण्याच्या रस्त्यावर टेंभुर्णी गाव लागलं की मला हे दर वेळी आठवतं आणि दर वेळी मी शेजारच्याला सांगतो, त्यामुळं आता माझ्या गाडीत सहसा कुणी बसत नाही. तर १९७९ साली टेलरमेड कंपनीनं स्टीलच्या डोक्याचा ड्रायव्हर काढला, लोक हसले, लाकडाला वुड म्हणायचं की लोखंडाला. १९९१ ला कॅलवेचा बिग बर्था आला, मोठ्या डोक्याचा, पुढं टायटॅनियम. १९९३ ला बर्नहार्ड लँगर या खेळाडूनं लाकडी ड्रायव्हर घेऊन मास्टर्स ही मोठी स्पर्धा जिंकली, आणि मग लाकूड गेलंच. आताचं डोकं म्हणजे नारळाएवढं दिसतं पण आतून पोकळ, नियमानं ४६० घनसेंटिमीटरपेक्षा मोठं करता येत नाही.

हा नियम लक्षात ठेवा, कारण दुकानातली निम्मी बडबड इथंच गळून पडते. डोक्याचा आकार बांधलेला, आणि फेस, म्हणजे बॉलवर आदळणारी बाजू, बॉलला किती उसळी देणार तेही बांधलेलं. ड्रायव्हरचा फेस म्हणजे पातळ पत्रा, बॉल लागला की किंचित आत दबतो आणि परत फेकतो, अर्ध्या मिलिसेकंदाचा खेळ सगळा. ही स्प्रिंग किती असावी याला बरीच वर्षं मर्यादा आहे आणि सगळे कारखाने त्या मर्यादेला टेकलेले आहेत. मग दर वर्षी नवा ड्रायव्हर आधीपेक्षा लांब कसा काय जातो? बरोबर मध्यावर बॉल लागला तर फारसा जात नाही, हे त्याचं उत्तर. फरक पडतो तो चुकलेल्या फटक्यात. आणि आमच्यासारख्यांचे फटके चुकलेलेच असतात.

कावड घेऊन चालणारा माणूस बघितलाय ना. दोन्ही टोकांना घागरी आहेत, त्याला वळायचं असेल तर कावड लगेच फिरत नाही, जड जाते. तेच दोन्ही घागरी खांद्याजवळ आणल्या की गर्रकन फिरता येतं. नव्या ड्रायव्हरमध्ये वजन असंच कडेला, मागं, लांब नेऊन ठेवतात, टाळूचा भाग कार्बन फायबरचा हलका करतात आणि वाचलेले ग्रॅम मागच्या टोकाला. म्हणजे बॉल कडेला लागला तरी डोकं पटकन वळत नाही. आणि वळलं तरी थोडी भरपाई होते, डोकं एका बाजूला वळतं तेव्हा बॉल दातेरी चाकासारखा उलटा फिरतो, म्हणून टोकाला लागलेला बॉल आधी बाहेर जाऊन परत आत येऊ बघतो. फेसला जो हलका फुगवटा असतो तो यासाठीच. टॉवेलच्या मागावर आयुष्य घालवलेल्या माणसाला हे दोन मिनिटांत कळतं, इंग्रजी व्हिडिओत वीस मिनिटं लागतात.

आता दुकानात काय झालं ते. दुकानाचं नाव घेत नाही. आत जाळी लावलेली, मशीन ठेवलेलं, बॉल जाळीत जातो आणि पडद्यावर तो हिरवळीवरून उडताना दिसतो. पोरगा चांगला होता, गोड बोलणारा. माझ्या जुन्या ड्रायव्हरनं पाच मारायला लावले, थंड अंगानं, गाडीतून उतरल्या उतरल्या. मग नवा दिला आणि पंचवीस मारले. त्यातले बरे तीन ठेवले, बाकीचे त्यानं पुसून टाकले, म्हणाला हे काका तुमचे खरे नाहीतच. पडद्यावर आलं, पंचवीस यार्ड जास्त! मी इतका खूश झालो की किंमत विचारायच्या आधी कार्ड काढलं. किंमत आजही सांगणार नाही, आमच्या घरच्या दुसऱ्या रांगेत बसल्यात.

परत येताना भिगवणच्या पुढं कुठंतरी डोक्यात आलं की अरे, हे मी माझ्या कारखान्यात कधी चालवून घेईन का? नवा माग विकायला माणूस येतो, पहिला मीटर कापड दाखवतो, झकास असतं. कुणी त्यावर माग घेतं का? आपण विचारतो, शिफ्टमध्ये तार, म्हणजे मागावरचा धागा, किती वेळा तुटते ते सांग. किती वेळा थांबतो ते सांग. आणि इथं मी चांगला मीटरभर कापड बघून पैसे मोजून आलो, आणि वाईट कापड तर त्या पोरानं माझ्यासमोर फाडून फेकलं होतं.

मग म्हटलं आता घेतलाय तर नीट तपासू.

मंगळवेढ्याकडं आमच्या मित्राचं रान आहे, काळं, मालदांडी ज्वारीचं. काढणी होऊन नांगरट झाली होती, माणूस नाही काणूस नाही. तिथं एक फायदा असा आहे जो पुण्याच्या रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, नाही, बॉल ढेकळांत पडला की तिथंच थांबतो, घरंगळत नाही, त्यामुळं हवेतून किती गेला तेवढंच मोजलं जातं. घरंगळलेली लांबी ही जमिनीची मेहरबानी असते, काठीची नाही. तोटाही आहे, न नांगरलेल्या कडेच्या पट्ट्यात भेगा, बॉल भेगेत गेला की गेला. मित्राची दोन पोरं पलीकडच्या बांधावर लिंबाखाली बसायची, चांगली लांब आणि एका बाजूला, मी थांबलो असा हात केल्याशिवाय रानात पाय टाकायचा नाही असं सांगितलं होतं. बॉल छेचाळीस ग्रॅमचा असतो फक्त, पण दोनशे यार्डांवरून डोक्यात बसला तर बसला.

फेसवर खडूची पूड लावायची. हे फुकटचं मशीन आहे. दर फटक्यानंतर फेसवर बॉलचा ठसा उमटतो, तो बघायचा, फडक्यानं पुसायचा, परत पूड. जुन्या ड्रायव्हरवर माझे ठसे सगळे टाचेकडं, म्हणजे शाफ्टच्या बाजूला, एकाला एक लागून. नव्यावर बघतो तर काय, तेही टाचेकडंच! माणूस तोच ना. पण बॉल कुठं पडले ते बघितलं तर जुन्याचे टाचेचे फटके उजवीकडं वळत वळत शेजारच्या रानात, आणि नव्याचे वळले, पण बांधाच्या अलीकडं थांबले.

आवाजाचं एक सांगतो. आमच्या शेडमध्ये शंभर माग चालू असले तरी कुठला बिघडलाय ते म्हाताऱ्या मास्तरला कानानं कळतं. तसं ड्रायव्हरचं आहे. जुना टायटॅनियमचा, ठणकन वाजायचा, चुकला तरी ठणकन, त्यामुळं कानाला कायम बरं वाटायचं. नवा ठप्प करतो, आणि टाचेला लागला की भांड्याला तडा गेल्यासारखा. पहिले दोन दिवस मला तो आवडलाच नाही. नंतर कळलं की तो खरं बोलतोय.

लांबीचंही मनात होतं. दुकानात पावणेशेहेचाळीस इंचाचा शाफ्ट दिला होता, आताच्या ड्रायव्हरना साधारण एवढाच असतो. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज पेलणाऱ्यांना विचारा, काठी जितकी लांब तितकं हातातलं बोटभर चुकणं शेंड्याला केवढं होतं. मी ग्रिपवर इंचभर खाली धरायला लागलो. चार-पाच यार्ड गेले असतील. ठसे मात्र मध्याकडं सरकले. हे दुकानात कुणी सांगत नाही कारण यात विकायला काही नाही.

मानेजवळ एक स्क्रू असतो, पान्यानं सैल करून डोकं फिरवून लोफ्ट कमी-जास्त करता येतो. साडेदहाचा मी दीड डिग्रीनं वाढवून बाराचा केला. मित्र म्हणाले बायकांचा झाला तुझा ड्रायव्हर. म्हटलं होऊ दे. लोफ्ट वाढवला की फेस थोडा बंदही होतो, म्हणजे डावीकडं वळतो, त्यामुळं ज्याचा बॉल उजवीकडं पळतो अशा माझ्यासारख्याला दुहेरी फायदा. फक्त हे सगळं आधी करायचं, राउंड म्हणजे अठरा होलचा खेळ सुरू झाल्यावर पाना लावून काठी बदलायला नियमानं बंदी आहे.

मग पुण्याची रेंज. थोडक्यात सांगतो कारण तिथं फार काही कळत नाही. रेंजचे बॉल झिजलेले, मॅटवरची रबरी टी ठरलेल्या उंचीची, आणि मुख्य म्हणजे माणूस एकापाठोपाठ एक पन्नास मारतो. अकरावा फटका दहाव्यावरून शिकतो. कोर्सवर, म्हणजे खऱ्या खेळाच्या मैदानावर, अकरावा फटका नसतोच. अठरा होलमध्ये चार आखूड होल सोडले तर ड्रायव्हर जास्तीत जास्त चौदा वेळा हातात येतो, दोन फटक्यांमध्ये पंधरा-वीस मिनिटं, मध्ये चालणं, वैताग, दुसऱ्याचा हरवलेला बॉल शोधणं. म्हणून मी रेंजवर एक ड्रायव्हर मारायचो, मग दोन बॉल दुसऱ्या काठीनं, मग खुर्चीवर बसून चहा, मग परत एक ड्रायव्हर. रेंजवाला मुलगा विचारायला आला, काका बरं वाटत नाहीये का?

आणि शेवटी कोर्स. पहिल्या टीवर, म्हणजे खेळ सुरू करायच्या जागी, आम्ही चौघं, मागं अजून चौघं वाट बघत उभे, आणि सगळ्यांना दिसतंय की ड्रायव्हरच्या डोक्यावरचं कव्हर कोरं करकरीत आहे. नव्या चपला घालून लग्नाला गेल्यासारखं होतं, सगळे पायांकडं बघतात. कॅडी माझ्यापेक्षा वयानं मोठा, तीस वर्षं बॅगा उचलतोय. हळूच म्हणाला, "साहेब, नवीन हाय. पहिला निम्म्या जोरानं मारा, त्याला बी तुमची वळख होऊ द्या." मी अर्थातच पूर्ण जोरानं मारला. झाडीत. कॅडी काही बोलला नाही, नुसता चालायला लागला, आणि तो गप्प चालत होता ते मला बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

माझ्याकडं वही आहे, खतावणीसारखी. जुन्याचे तीन राउंड लिहिलेले होते, नव्याचे तीन लिहिले. फेअरवेवर, म्हणजे मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, बॉल राहिला ते जुन्यानं चौदातले साधारण पाच, नव्यानं सहा. म्हणजे फरक जवळपास नाहीच. लांबी आठ यार्ड जास्त, पंचवीस नव्हे, आठ. इथं मी वही मिटून दुकानात भांडायला जाणार होतो. मग तिसरा रकाना बघितला, तार तुटल्याचा. म्हणजे बॉल हरवला किंवा हद्दीबाहेर गेला, तिथं एक फटका दंड आणि परत त्याच जागेवरून मारायचं. जुन्यानं राउंडला चार. नव्यानं एक, एकदा दोन, एकदा शून्य. फेअरवे सोडून गेलेले बॉल आता गवतात सापडत होते, वाईट जागी, पण सापडत होते. राउंडला पाच-सहा फटके वाचले ते सगळे त्या रकान्यातनं.

हं, विचारा. जुन्या ड्रायव्हरचं काय केलं? मित्राच्या थोरल्या पोराला दिला, तो त्यानं रानात ढेकळं फोडतो, स्टिफ शाफ्ट त्याला बरोबर बसतो. आणि बॉल? मृग लागायच्या आधी मित्राचा फोन आला होता, कुळव मारताना बावीस सापडले म्हणाला, म्हातारी आई विचारत होती की हे कुठल्या पाखराचं घरटं मोडलं. मी साठ नेले होते, छत्तीस पोरांनी आणून दिले होते. दोन अजून भेगेत आहेत.