करंट अडला कुठे?

अमळनेरहून धुळ्याकडे निघालं की रस्त्याच्या कडेला असं एखादं गॅरेज लागतंच. मे महिना, पारा ४४ अंशांवर. पत्र्याच्या शेडखाली एका शेतकऱ्याची मोटारसायकल येऊन उभी राहते. "भाऊ, सेल्फ मारा का एकदाच टक करस, बस."

हा 'टक' रिलेचा, म्हणजे बॅटरीचा करंट सेल्फच्या मोटरकडे सोडणाऱ्या स्विचचा. सारखी टकटकटक झड लागली असती, तर बॅटरी उतरल्याचा संशय आधी घेतला असता. इथे ठोका एकच. तरी खापर बॅटरीवरच फुटतं, आणि खानदेशच्या उन्हात ते बऱ्याचदा खरंही निघतं. पाणी आटतं, प्लेटा उघड्या पडतात. पण मिस्तरी नवी बॅटरी मागवत नाही. व्होल्ट मोजायचा मीटर काढतो.

१२.६ व्होल्ट. म्हणजे बॅटरी भरलेली आहे. सेल्फ दाबून धरला तरी १२.२. गिऱ्हाइकाला बरं वाटतं, मिस्तरीला नाही. मोटर करंट ओढत असती, तर आकडा याहून चांगलाच खाली आला असता.

आता मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर. सेल्फ दाबताना इथे जवळपास शून्य दिसायला हवं; ०.२, फार तर ०.३. दिसतात ११! सगळा जोर अर्थिंगच्या, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनपर्यंतच्या वायरीतच खर्च होतोय, मोटरच्या वाट्याला उरतो जेमतेम एक व्होल्ट.

हीच वायर मीटरच्या बझरवर (जोडणी सलग असली की वाजतो तो) तपासली असती, तर पास झाली असती. एक तार शाबूत असली तरी बझर वाजतो. सेल्फचा करंट मात्र त्या एका तारेतून जात नाही. म्हणून लोड देऊनच, म्हणजे सेल्फ दाबूनच मोजायचं. कितीतरी चांगल्या बॅटऱ्या या एका चुकलेल्या तपासणीपायी भंगारात जातात.

इंजिनवरचा बोल्ट उघडल्यावर खाली हिरवट गंज. पॉलिश पेपरने घासून, लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) नवा लावून, बोल्ट कसून वर थोडं व्हॅसलिन. सेल्फ पहिल्या दाबात फिरतो.

काम इथे संपत नाही. इंजिन चालू ठेवून, थोडी रेस देऊन बॅटरीवर पुन्हा मीटर: १४.२. साडेतेरा ते साडेचौदाच्या आत असलं की चार्जिंग बरोबर. पंधराच्या वर गेलं तर चार्जिंगचे व्होल्ट आवरणारा रेग्युलेटर गेलेला, तो बॅटरीचं पाणी उकळवतो. वाढतच नसेल तर इंजिनातली वीज तयार करणारी मॅग्नेटो कॉइल आणि तिचं सॉकेट बघायचं. १ एप्रिल २०१७ नंतर बनलेल्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबर कायम चालू असतो, त्यामुळे चार्जिंग बंद पडलं की बॅटरी लवकर बसते.

तोवर दुसरी गाडी आलेली. हिचा फ्यूज फक्त हॅन्डल पूर्ण डावीकडे वळवल्यावर उडतो. इथे मीटर नंतर. आधी टाकी उचलायची आणि चेसीच्या मानेपाशी घासलेली वायर शोधायची.