गव्हाची वाटी

नमस्कार श्रोतेहो.

आई होती तोवर आमच्या घरी नाताळ म्हणजे तिचा फराळ. करंज्या, चकल्या आणि परातभर कुलकुल. ती गेली त्या वर्षी कुणाला काही करावंसं वाटलं नाही. बेकरीतून केक आणला, चर्चला जाऊन आलो आणि चौघं चार मोबाइलमध्ये डोकं घालून बसलो.

पुढच्या वर्षी येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा मांडताना धाकटीनं विचारलं, "आपल्या गोठ्यात प्लॅस्टिकचंच गवत का?" गोव्यात गोठ्याभोवती नाचणी किंवा गहू पेरून हिरवळ करतात, हे मी ऐकून होते. लगेच थाळीत गहू पेरले. तारीख होती 21 डिसेंबर! नाताळच्या आदल्या रात्री पांढरी टोकं जेमतेम वर आली होती आणि मातीची मेंढरं चिखलात उभी होती. आम्ही पोट धरून हसलो. आई गेल्यापासून घरात असं हसू नव्हतं.

शेजारच्या काकूंना हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "अगं, घटाला घालतो तसंच की! रात्रभर भिजव आणि दहा दिवस आधी पेर. घट देवघरात असतो, म्हणून धान पिवळं येतं. तू खिडकीत ठेव, हिरवंगार होईल." त्याच्या पुढच्या डिसेंबरात धाकटी स्वतःच रिकामी वाटी घेऊन समोर उभी. "पेरायचं ना?" पहिल्या वर्षी केली ती नुसती हौस. दुसऱ्या वर्षी मूल आठवण करून देतं, तेव्हा तिची प्रथा होते.

नाहीतरी आज जुनं म्हणून आपण जपतो, ते कुणीतरी कधीतरी पहिल्यांदाच केलेलं असतं. असिसीच्या संत फ्रान्सिसनं 1223 साली इटलीत ग्रेच्चो गावी गव्हाण मांडली, शेजारी खराखुरा बैल आणि गाढव. आपल्याकडे चर्चमध्ये साहेबी चालींवर गीतं म्हणत, तेव्हा कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंगाच्या वळणाची भजनं लिहिली. आणि रेडिओवर बोलतेय तर हेही सांगते: केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात बायबलमधल्या नऊ वाचनांची नाताळ उपासना सुरू झाली 1918 साली. महायुद्ध नुकतंच संपलं होतं आणि ती सुरू करणारे डीन स्वतः सैन्यात धर्मगुरू होते. 1928 साली ती पहिल्यांदा रेडिओवर आली आणि अजूनही दर नाताळला जगभर ऐकली जाते.

आमचं सगळंच काही टिकलं नाही हं. एका वर्षी सगळ्यांनी लाल कपडे घालायचं ठरवलं. ह्यांनी तो शर्ट पुन्हा अंगाला लावला नाही. विषय संपला.

कुलकुल मात्र परत आले. आईचं प्रमाण कुणालाच माहीत नाही, ती सगळं अंदाजानं घालायची. म्हणून आता चौघांनीही बसायचं, काट्याच्या पाठीवर पिठाची गोळी दाबायची आणि अंगठ्यानं गुंडाळायची. थोरल्याचे कुलकुल तेलात पडले की उलगडतात. ते त्यानंच खायचे, हा नियम. चांगले निवडून पहिलं ताट काकूंकडे जातं.

यंदा गहू 14 तारखेला पेरलेत. काल टोकं दिसली. आज पाणी घालायची पाळी धाकटीची आहे, म्हणजे घरी गेल्यावर मलाच आठवण करावी लागणार.