मर्यादा कोण ठरवणार?

मंडळाचे अध्यक्ष, कार्यकारिणीचे सदस्य आणि मित्रहो,

आपण ‘तत्त्वज्ञ’ म्हणतो तेव्हा त्या शब्दातला ‘ज्ञ’ जाणणारा असतो. ग्रीकांचा ‘फिलॉसॉफॉस’ मात्र जाणणारा नव्हे. त्याला ज्ञानाची ओढ आहे, म्हणजेच ते अजून त्याच्या हाती लागलेले नाही. प्लेटोच्या ‘सिम्पोझियम’ या संवादात डायोटिमा ही विदुषी सॉक्रेटिसला सांगते की देव तत्त्वचिंतन करीत नाहीत, कारण ते ज्ञानीच आहेत, आणि अज्ञानीही करीत नाहीत, कारण आपल्यात काही उणे आहे हेच त्यांना ठाऊक नसते, तत्त्वचिंतन करतो तो या दोहोंच्या मधला. ‘उगाच तत्त्वज्ञान पाजळू नकोस’ हे आपले घरगुती वाक्य या मधल्या माणसाला लागू पडत नाही, कारण पाजळण्याजोगे त्याच्याजवळ अजून काही नसते.

अशा माणसाला समाजात ठेवायचे कुठे, हा प्रश्न युरोपला फार काळ छळत राहिला. अथेन्सने इ. स. पू. ३९९मध्ये सॉक्रेटिसला विषाचा पेला देऊन तो एका परीने सोडवला. मला आज बोलायचे आहे ते आपण राहतो त्या नेदरलँड्समधल्या एका माणसाविषयी, ज्याला जागा देऊ केली गेली आणि ज्याने ती नाकारली.

बारुख स्पिनोझा १६३२ साली ॲमस्टरडॅममध्ये पोर्तुगीज ज्यू व्यापाऱ्याच्या घरी जन्मला. २७ जुलै १६५६ रोजी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याच्या समाजाने त्याला बहिष्कृत केले. त्याच्याशी कोणी तोंडी वा लेखी व्यवहार करू नये, त्याच्यापासून चार हातांच्या आत येऊ नये, त्याने लिहिलेले काही वाचू नये, असा तो आदेश होता. पुढे तो राइन्सबर्ग, फोरबर्ग आणि शेवटी हेग येथे राहिला आणि भिंगे घासू लागला. ही कथा सांगताना त्याला फकीर करून टाकण्याचा मोह अनेकांना होतो. तो मला मान्य नाही. त्याच्या भिंगांच्या झिलईची वाखाणणी खुद्द ख्रिस्तियान हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने आपल्या पत्रांत केली आहे. शिवाय, त्याचा चरित्रकार सांगतो त्याप्रमाणे, मित्राच्या घराकडून वर्षाला ५०० गिल्डर मिळणार होते, त्यांतले त्याने ३००च घेतले. म्हणजे त्याने गरिबीची हौस बाळगली नव्हती. आपल्याला किती पुरते याचा हिशेब केला होता.

१६ फेब्रुवारी १६७३ रोजी जर्मनीतल्या हायडेलबर्गहून फाब्रिशियस या प्राध्यापकाने त्याला पत्र लिहिले. पॅलाटिनेट या तिथल्या संस्थानाचा अधिपती कार्ल लुडविग त्याला आपल्या विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे अध्यापकपद देऊ इच्छित होता. तत्त्वचिंतनाचे पूर्ण स्वातंत्र्य मिळेल असे पत्रात होते, आणि लगेच पुढे, प्रस्थापित धर्माला बाध आणण्यासाठी त्या स्वातंत्र्याचा दुरुपयोग होणार नाही असा विश्वासही व्यक्त केला होता. स्पिनोझाने सहा आठवडे विचार केला आणि ३० मार्चला नम्रपणे नकार कळवला. तरुणांना शिकवू लागलो तर माझे चिंतन थांबेल, हे एक कारण. दुसरे असे की त्या स्वातंत्र्याची मर्यादा नेमकी कुठे आखायची हे मला कळत नाही. धर्मावरून होणारी भांडणे श्रद्धेच्या तीव्रतेतून तितकी उद्भवत नाहीत, जितकी माणसांच्या स्वभावभेदातून आणि दुसऱ्याचे म्हणणे वाकडे लावण्याच्या खोडीतून, असेही त्याने जोडले. भिंगे घासणाऱ्याला ‘मला कळत नाही’ असे राजाला लिहिता येते. पगारदाराला ते जड जाते.

पुढच्या शतकात तत्त्वचिंतन करणारा माणूस विद्यापीठात आला आणि स्पिनोझाची शंका खरी ठरली. जर्मन तत्त्वज्ञ कांट १७७०पासून प्रशियातल्या क्योनिग्सबर्गला प्राध्यापक होता. धर्मावरचे त्याचे पुस्तक १७९३मध्ये निघाल्यावर पुढच्याच वर्षी प्रशियाच्या राजाची लेखी ताकीद आली, आणि सत्तरीच्या कांटने ‘महाराजांचा एकनिष्ठ प्रजाजन’ या नात्याने धर्मावर जाहीरपणे बोलणार अथवा लिहिणार नाही असे वचन दिले. १७९७मध्ये राजा वारला. वचन त्या राजापुरतेच होते असे ठरवून कांटने १७९८मध्ये हा सगळा पत्रव्यवहार छापून टाकला. यात कोणाला कांटचा भित्रेपणा दिसतो, कोणाला वकिली चातुर्य. मला त्यात मर्यादा आखणारा हात दिसतो, जो स्पिनोझाला पत्र वाचतानाच दिसला होता.

स्पिनोझा २१ फेब्रुवारी १६७७ रोजी हेगला वारला. हयातीत न छापलेले ‘एथिक्स’ हे त्याचे पुस्तक त्याच वर्षी मित्रांनी प्रसिद्ध केले. हायडेलबर्ग मात्र ते पत्र विसरले नव्हते. १८१६मध्ये तेथील धर्मशास्त्राचे प्राध्यापक डाउब यांनी जर्मन तत्त्वज्ञ हेगेलला बोलावताना लिहिले की तुम्ही आलात तर विद्यापीठाच्या स्थापनेपासून पहिल्यांदाच येथे तत्त्वज्ञ असेल. पूर्वी एकदा स्पिनोझाला बोलावले होते, पण ते व्यर्थ गेले. हेगेल गेला, आणि दोनच वर्षांत बर्लिनच्या अध्यापकपदासाठी तेथून निघाला.