अवचित आलेला पैसा आणि खिळ्याला टांगलेली वही

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या नागपूर परिसरात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत अनेक घरांमध्ये असा पैसा आला, ज्याची त्या घराने कधी कल्पना केलेली नव्हती. विमानतळालगतच्या मिहान या औद्योगिक प्रकल्पासाठी खापरी, शिवणगाव, दहेगाव या बाजूच्या जमिनी गेल्या आणि मोबदला आला. त्यानंतर शिवमडक्यापासून निघणाऱ्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गासाठी हिंगणा तालुक्यापासून पुढे जमिनी गेल्या आणि पुन्हा मोबदला आला. ज्यांच्याकडे शेत नव्हते, त्या राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना सातव्या वेतन आयोगाची १ जानेवारी २०१६ पासूनची थकबाकी हप्त्याहप्त्याने मिळाली. कोणाला निवृत्तीच्या दिवशी उपदानाची, म्हणजे ग्रॅच्युइटीची रक्कम मिळाली, तर कोणाला वडिलांच्या पश्चात घराचा हिस्सा मिळाला. या सर्व घरांमध्ये पैसा आल्यावर पहिल्याच रात्री एक प्रश्न विचारला गेला, तो म्हणजे हा पैसा खर्च करायचा की ठेवायचा.

माझे म्हणणे असे आहे की, प्रश्न योग्य असला तरी त्याची वेळ चुकलेली असते. अवचित पैसा हाती आला की पहिले सहा महिने त्याचा कोणताही निर्णय करू नये. खर्चाचाही करू नये आणि दीर्घ मुदतीच्या बचतीचाही करू नये. पहिले सहा महिने निर्णय नको, हे वाक्य मी आज पुन्हा म्हणणार आहे, कारण ऐकायला सोपे असले तरी पाळायला ते फार अवघड आहे.

ते कसे पाळता येते, हे मी पुस्तकातून शिकले नाही. नागपुरातल्या महाल या जुन्या वस्तीत राहणाऱ्या माझ्या एका आत्याकडून शिकले, आणि आज तिचीच हकिगत मी आपल्याला सविस्तर सांगणार आहे.

आत्या तरुणपणीच विधवा झाली. उन्हाळ्यात कुरड्या, सरगुंडे, मुगवड्या आणि पापड करून विकणे हा तिचा उद्योग होता आणि त्यावरच तिने दोन मुले वाढवली. २०१८ साली, होळीच्या सुमारास, तिच्या माहेरच्या शेतातील काही भाग महामार्गात गेला. भावांनी सातबाऱ्यावरील तिचे नाव कायम ठेवले होते, म्हणून तिच्या वाट्याचे तेवीस लाख रुपये थेट तिच्या खात्यात जमा झाले. येथे मला थोडे बाजूला जाऊन बोलायचे आहे. आपल्याकडे बहिणीसमोर चहाच्या कपाबरोबर हक्कसोडपत्र ठेवले जाते आणि ती न वाचता सही करते. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, आणि तो जन्मानेच मिळतो, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले आहे. ज्या बहिणीला आपला हिस्सा भावाला द्यायचा असेल तिने तो अवश्य द्यावा, पण किती देत आहोत हे समजून घेऊन द्यावा. माझ्या आत्याच्या भावांनी तिच्यापुढे असा कागद कधी ठेवला नाही, याबद्दल मला त्यांचा आजही आदर वाटतो.

पैसा जमा झाल्याची बातमी महालात पसरायला दोन दिवसही लागले नाहीत. पहिला आला पुतण्या, त्याला नऊ लाखांची मोटार घ्यायची होती. मग जावई आले. त्यांनी उमरेड रस्त्यावरच्या एका लेआउटमधील अठरा लाखांचा प्लॉट पाहून ठेवला होता आणि वर्षभरात त्याचे दुप्पट होतील असे त्यांना कोणीतरी सांगितले होते. मुलाला दुकान वाढवण्यासाठी सहा लाख हवे होते, शेजारणीला मुलीच्या लग्नासाठी दोन लाख, मंदिराच्या मंडळाला सभामंडपासाठी एक लाख आणि नातीला संगणकासाठी एक लाख. यांपैकी एकाचीही मागणी वाईट नव्हती आणि एकाच्याही मनात कपट नव्हते, हे मी मुद्दाम सांगते. अवचित पैसा बुडतो तो बहुधा आपल्याच माणसांच्या चांगल्या इच्छांमध्ये, आणि त्यामुळेच नाही म्हणणे जड जाते.

आत्याने कोणालाच नाही म्हटले नाही. तिने नातीची एक कोरी वही घेतली, तिला दोरा बांधला आणि स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगली. जो मागायला येई त्याच्या हाती ती वही आणि पेन देई. काय हवे, किती हवे आणि कशासाठी हवे, हे त्याने स्वतःच्या अक्षरात लिहायचे आणि खाली तारीख घालायची. पुतण्याने विचारले, "आत्या, पण देशील केव्हा?" तेव्हा ती म्हणाली, "पैसा बँकेत हाये, तो काही पयून जात नाही. पोया होऊ दे, मंग पाहू." जावयांनाही तिने तितक्याच आदराने सांगितले, "बापू, तुमीबी लिवा. म्या बी लिवलं हाये."

आणि ते खरे होते. वहीच्या पहिल्या पानावरची पहिली नोंद तिची स्वतःची होती. पैसा आला त्या रात्रीच तिने लिहिले होते, "घरावर दुसरा मजला, चौदा लाख." आयुष्यभर ज्या बाईने दोन खोल्यांत संसार केला, तिच्या मनात पहिला विचार मजल्याचा यावा, हे स्वाभाविकच होते. तरीही तिने स्वतःला वहीतून सूट दिली नाही.

एका गोष्टीसाठी मात्र तिने पोळ्याची वाट पाहिली नाही. घराचे छत दुरुस्त करताना एका पतसंस्थेकडून घेतलेल्या कर्जाचे एक लाख ऐंशी हजार रुपये बाकी होते आणि व्याज १५ टक्के होते. पहिल्याच आठवड्यात तिने ते फेडून टाकले. "कर्ज वहीत नसते लिवत," एवढेच ती म्हणाली. उरलेल्या रकमेची तिने राष्ट्रीयीकृत बँकेत सहा महिन्यांची मुदत ठेव केली. ठेव करायला गेली तेव्हा तेथील एका साहेबांनी तिला दहा वर्षे हप्ते भरण्याची विमा योजना सुचवली. आत्याने त्यांच्यापुढेही वही धरली, पण साहेबांनी लिहिले नाही.

त्यानंतरच्या सहा महिन्यांत जे घडले ते मला फार मोलाचे वाटते. उन्हाळा गेला, पाऊस आला, आणि वहीतल्या नोंदींवर एकेक काट पडू लागली. काट मारणारी आत्या नव्हती, ज्यांनी लिहिले होते तेच मारत होते. पुतण्याला बुटीबोरीच्या एका कारखान्यात नोकरी लागली, न्यायला-आणायला कंपनीची बस होती, आणि त्याने आपणहून येऊन मोटारीची ओळ खोडली. जावयांनी मध्यंतरी त्या प्लॉटचे कागद एका जाणकाराला दाखवले, तेव्हा त्याचा आरएल, म्हणजे प्लॉट अधिकृत असल्याचे पत्र, झालेला नाही आणि जागेवर सार्वजनिक कामासाठीचे आरक्षण आहे, असे निघाले. होळीलाच पैसे दिले असते तर ते अठरा लाख कोठे असते, याचा विचार आपण करावा. घराची पाहणी करायला आलेल्या अभियंत्याने सांगितले की, जुन्या मातीच्या भिंती दुसऱ्या मजल्याचा भार घेणार नाहीत, म्हणून आत्याने स्वतःची पहिली नोंदही खोडली. मुलाने नीट हिशेब मांडला, तेव्हा त्याला मोठ्या दुकानाची नव्हे तर एका यंत्राची गरज असल्याचे दिसले आणि सहाचे तीन लाख झाले.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तान्ह्या पोळ्याला, बाहेर मारबतीची मिरवणूक निघून गेल्यानंतर आत्याने सर्वांना बसवून वही मोठ्याने वाचली. खोडलेल्या ओळीही वाचल्या. सहा महिन्यांपूर्वीच्या सगळ्या मागण्यांची बेरीज एक्कावन्न लाख होती आणि पैसा होता तेवीस लाख. ती बेरीज ऐकल्यावर घरात कोणी कोणावर रुसले नाही, कारण प्रत्येकाला दुसऱ्याची मागणीही त्याच वेळी कळली होती.

मग तिने वाटणी केली. पंधरा लाख टपाल कार्यालयातील ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत, कारण तिचे वय चौसष्ट होते आणि तेव्हा त्या योजनेची मर्यादा पंधरा लाखच होती. मुलाला यंत्रासाठी तीन लाख, नातीला साठ हजार, मंदिराला अकरा हजार. शेजारणीला पन्नास हजार दिले, पण ते उसने म्हणून नव्हे, परत न घेण्याच्या बोलीवर दिले, कारण उसन्या पैशाने शेजार तुटतो असे तिचे ठाम मत होते. आणि स्वतःसाठी एक लाख वीस हजार खर्चून तिने गच्चीवर पत्र्याची प्रशस्त शेड, ओटा आणि मोठा कूलर करून घेतला. पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात चुलीपाशी बसून चीक घाटण्याचे काम ती तिसाहून अधिक वर्षे करत होती. व्याजासह उरलेले सुमारे दीड लाख तिने बचत खात्यात अडीअडचणीसाठी ठेवले.

पहिल्या रात्री तिला दुसरा मजला हवा होता आणि सहा महिन्यांनी तिला जे हवे होते ते गच्चीवरचे स्वयंपाकघर होते. हा फरक केवळ थांबल्यामुळे तिला कळला. म्हणून मी पुन्हा म्हणते, पहिले सहा महिने निर्णय नको.

रिचर्ड थेलर या अर्थशास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी दाखवून दिले की, माणूस पैसा कोठून आला यावरून त्याला मनात वेगवेगळ्या खात्यांत टाकतो आणि घामाचा पैसा जपून, तर अनपेक्षित पैसा सैल हाताने वापरतो. सहा महिने बँकेत राहिलेला पैसा हळूहळू आपल्या नेहमीच्या पैशांत मिसळतो आणि मग त्याचा हिशेब आपण पगारासारखाच करू लागतो. आपल्याकडे मोबदल्याचा पैसा रिंग रोडवरच्या लॉनमध्ये एका रात्रीच्या लग्नात संपलेला मी पाहिला आहे. ज्या शेताने तीन पिढ्यांना खाऊ घातले त्याची किंमत मंडपाच्या फुलांत जावी, याचे मला मनापासून दुःख होते आणि ते मी लपवत नाही.

आता व्यवहाराच्या काही बाबी. कर्जाचा हिशेब सोपा आहे. १५ टक्क्यांचे एक लाख ऐंशी हजारांचे कर्ज तसेच ठेवून तेवढीच रक्कम ७ टक्क्यांच्या ठेवीत ठेवली, तर वर्षाला सत्तावीस हजार व्याज जाते आणि बारा हजार सहाशे येते. म्हणून महागडे कर्ज असेल तर ते आधी फेडावे, त्याला सहा महिन्यांचा नियम लागू नाही.

बँकेत ठेवतानाही एक काळजी घ्यावी. एका बँकेत एका ठेवीदाराच्या सर्व ठेवी मिळून व्याजासह पाच लाख रुपयांपर्यंतच विम्याचे संरक्षण आहे आणि ही मर्यादा फेब्रुवारी २०२० पासून लागू आहे. पतसंस्थेतील ठेवींना हे संरक्षण मुळीच नाही. पतसंस्था एक-दीड टक्का जास्त व्याज देते म्हणून सगळी रक्कम तेथे ठेवणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा ऐकावे: पतसंस्थेतील ठेवींना हे संरक्षण नाही.

कराच्या बाबतीत, पैसा कोणत्या वाटेने आला यावर सर्व अवलंबून असते. भूसंपादनाचा मोबदला २०१३ च्या भूसंपादन कायद्याखालील असेल तर त्याच्या कलम ९६ मुळे त्यावर सर्वसाधारणपणे आयकर लागत नाही, पण आपल्या निवाड्यावर किंवा करारावर कोणता कायदा लिहिला आहे हे सनदी लेखापालांना दाखवून घ्यावे. वारसाने आलेल्या रकमेवर आयकर नाही. सोडतीच्या बक्षिसावर मात्र ३० टक्के कर आणि त्यावर उपकर द्यावा लागतो, तेथे कोणतीही सूट चालत नाही. म्हणजे कर वजा झाल्यावर उरते तेवढीच रक्कम आपली समजावी.

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची मर्यादा १ एप्रिल २०२३ पासून तीस लाख झाली आहे. पंधरा लाखांवर ८.२ टक्के दराने दर तीन महिन्यांना तीस हजार सातशे पन्नास रुपये मिळतात, पण पैसे गुंतवण्यापूर्वी त्या तिमाहीचा दर टपाल कार्यालयात विचारून घ्यावा.

शेवटची बाब नामनिर्देशनाची. ठेव करताना नामनिर्देशनाचा रकाना कोरा सोडू नये. नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींसाठी चार व्यक्तींपर्यंत नावे देता येतात आणि प्रत्येकाच्या वाट्याची टक्केवारीही नोंदवता येते. ज्यांच्या जुन्या ठेवींवर नाव नाही, त्यांनी शाखेत जाऊन अर्ज भरावा आणि पोच घेऊन ती ठेवपावतीबरोबर ठेवावी.

नमस्कार.