टायरमधली हवा आणि इतर टवाळक्या

मंडळी, आधीच कबूल करून टाकतो. मोटोजीपीवर, म्हणजे मोटरसायकल शर्यतींच्या जागतिक मालिकेवर, बोला असं सांगून मला इथे उभं केलंय, तेव्हा तुमची अपेक्षा असेल की मी वेगाचं तत्त्वज्ञान सांगीन, माणूस आणि यंत्राचं अद्वैत वगैरे. तसं बोलणारे पुष्कळ आहेत आणि ते फार छान बोलतात. मला ते जमत नाही. शेजारचं भांडण खिडकीचा पडदा बाजूला करून बघावं, तशी मी ही शर्यत बघत आलोय. आणि माझं ठाम मत आहे की हीच तिची खरी गोडी आहे.

यंत्राबद्दल दोन वाक्यं बोलतो आणि मोकळा होतो. हजार सीसीची बाईक, वजन किमान १५७ किलो, ताकद तीनशे अश्वशक्तीच्या आसपास. ब्रॅड बाइंडर या रायडरने २०२३ मध्ये इटलीत मुजेल्लोला तिच्यावर ताशी ३६६.१ किलोमीटरचा वेग गाठला. असल्या गोष्टीवर आपण होऊन चढून बसणारा माणूस शांत, समंजस आणि मोठ्या मनाचा असावा, ही आशाच मुळात खुळी आहे. तो तसा नसतो. म्हणून तर आपण बघतो.

रविवारची मुख्य शर्यत जेमतेम चाळीस-पंचेचाळीस मिनिटांची. पण तमाशाची घंटा गुरुवारीच वाजते, पत्रकार परिषदेत. तिथे सगळे रायडर टोप्या घालून एका रांगेत बसतात आणि ‘ट्रॅक मला आवडतो, बघू काय होतं’ असं म्हणतात. शंभरातल्या नव्याण्णव वेळा झोप येते. शंभरावी वेळ म्हणजे मलेशियातलं सेपांग, २०१५. व्हॅलेंटिनो रॉसीने भर परिषदेत मार्क मार्केसवर आरोप केला की, आदल्या रविवारी ऑस्ट्रेलियात फिलिप आयलंडला तू मुद्दाम विजेतेपदाच्या माझ्या प्रतिस्पर्ध्याला, लोरेंझोला, मदत केलीस. आता गंमत बघा. त्या फिलिप आयलंडच्या शर्यतीत मार्केसने शेवटच्या फेरीत लोरेंझोला मागे टाकून विजय मिळवला होता. म्हणजे एखाद्याला मदत करायची तर त्याला हरवून! मी रॉसीचा चाहता, तरी तेव्हा माझीही मती गुंग झाली. रविवारी दोघं एकमेकांना भिडले, रॉसीने वेग कमी करत मार्केसला वळणाच्या बाहेर रेटलं, मार्केस पडला. रॉसीला शिक्षेचे तीन गुण मिळाले आणि आधीचा एक धरून व्हॅलेन्सियाला सगळ्यांच्या मागून सुरुवात करावी लागली. तो तिथून चौथा आला आणि विजेतेपद लोरेंझोला पाच गुणांनी गेलं. या विषयावर अजूनही मित्रांमध्ये बोलणं बंद होतं. तुमच्यात दोन गट असतील तर कृपया बाहेर जाऊन भांडा, खुर्च्या आयोजकांच्या आहेत.

शुक्रवारबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दुपारच्या सरावात पहिल्या दहांत आलात तर शनिवारी थेट क्यू-टूमध्ये, म्हणजे पुढच्या जागा ठरवणाऱ्या पात्रता फेरीत, नाहीतर आधी क्यू-वनची चाळण, आणि तिच्यातून दोघंच वर जाणार. त्यामुळे पाऊण तास कोणी काही करत नाही, आणि शेवटच्या पाच मिनिटांत सगळ्यांना एकदम नवा सॉफ्ट टायर आठवतो. मग सुरू होते ‘टो’ची भीक. पुढच्या बाईकमागे चिकटलं की तिने फाडलेल्या हवेत आपली बाईक सरळ पट्ट्यावर फुकटात जोर धरते. अडचण एवढीच, की पुढे कोण जाणार? जगातले सर्वांत वेगवान लोक ट्रॅकच्या कडेला रेंगाळत मागे वळून बघत असतात. दारात उभं राहून ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ करतात ना, तसं. फक्त इथे त्यामागे शिष्टाचार नसतो, कंजूषपणा असतो.

शनिवारी २०२३ पासून स्प्रिंट आली. अर्ध्या अंतराची शर्यत, टाकीत बारा लीटर पेट्रोल, जिंकणाऱ्याला बारा गुण. मुख्य शर्यतीला पंचवीस. जुन्या लोकांनी तेव्हा खूप नाकं मुरडली, मीही मुरडलं. आता मात्र मला ती आवडते, कारण तिने हिशेबाची मजा केली. २०२४ मध्ये पेक्को बान्यायाने रविवारच्या अकरा शर्यती जिंकल्या. होर्हे मार्टिनने तीन. विजेता कोण? मार्टिन. ५०८ विरुद्ध ४९८. बान्याया एकतर जिंकायचा, नाहीतर खडीत जाऊन बसायचा. मार्टिन शनिवार-रविवार दोन्ही दिवस मुकाट्याने गुण गोळा करत राहिला. तेही डुकाटी कंपनीच्या मुख्य संघातून नव्हे, तिच्याच बाईक चालवणाऱ्या प्रामाक संघातून, आणि डुकाटीने पुढच्या वर्षीची मुख्य संघातली गादी त्याला न देता मार्केसला द्यायचं ठरवलेलं असताना. मग हा पठ्ठ्या विजेत्याचा एक नंबर बाईकवर लावून थेट एप्रिलिया या प्रतिस्पर्धी कंपनीत निघून गेला. माहेरचे सगळे दागिने अंगावर घालून घर सोडावं तसं.

पण याच मार्टिनने त्याच वर्षी मिसानोला काय केलं तेही सांगतो, नाहीतर त्याची फार स्तुती होईल. थोडे थेंब पडायला लागले. मोटोजीपीत पाऊस आला तर पिटमध्ये, म्हणजे ट्रॅककडेच्या गॅरेजपाशी, येऊन पावसाळी टायरची दुसरी बाईक घेता येते. आघाडीच्या गटातला मार्टिन आत वळला, बाकीचे पुढे गेले. तो बाईक बदलून बाहेर आला आणि पाऊस थांबला. मग कोरड्या ट्रॅकवर मऊ पावसाळी टायर शिजवत परत आत, परत बाईक बदल. शेवटी पंधरावा आला, एक गुण मिळाला. हवामान खात्यावर विसंबून छत्री घेऊन निघालेल्या प्रत्येक माणसाने त्या दिवशी मार्टिनला मनातून मिठी मारली असेल.

आता माझ्या आवडत्या विषयाकडे येतो, टायरमधली हवा. हसू नका. या खेळात हल्ली अर्धी नाटकं हवेमुळे होतात.

नियम असा की पुढच्या टायरमधला दाब किमान १.८ बार हवा, आणि मुख्य शर्यतीच्या निदान साठ टक्के फेऱ्यांत तो त्याच्या खाली जाता कामा नये. गेला तर शर्यत संपल्यावर तुमच्या वेळेत सोळा सेकंद वाढवतात. सोपं वाटतं ना? पण बाईक एकटी पुढे पळत असली की टायरला थंड हवा लागते आणि दाब उतरतो. दुसऱ्याच्या मागे चिकटलेली असली की पुढच्याच्या इंजिनची धग, ब्रेकची धग, त्याच्या पंखांनी घुसळलेली हवा हे सगळं अंगावर येतं, टायर तापतो, दाब चढतो, टायर फुग्यासारखा टणक होतो आणि ब्रेक लावताना पुढचं चाक घसरायला बघतं. म्हणजे हवा किती भरायची हे ठरवताना मेकॅनिकला आधी हे ठरवावं लागतं की आपला माणूस आज पुढे असेल की मागे. ज्योतिषाला विचारायचा प्रश्न, आणि उत्तर प्रेशर गेजवर काढायचं. शिवाय ते रायडरच्या तोंडावर सांगायचं कसं? ‘आज तू कोणाच्या तरी मागेच राहशील, म्हणून कमी भरलीय.’

२०२५ च्या पहिल्याच शर्यतीत, थायलंडमध्ये बुरिरामला, मार्क मार्केस डुकाटीच्या लाल बाईकवर सगळ्यांच्या पुढे सुसाट चाललेला. सातव्या फेरीत अचानक मंदावला आणि मागून आलेल्या धाकट्या भावाला, ॲलेक्सला, पुढे जाऊ दिलं. आम्ही सगळे उडालोच. बाईक बिघडली? इंजिन? भावाचं प्रेम? काही नाही. दाब कमी पडत होता. मग थोरले बंधू धाकट्याच्या मागे शांत बसून राहिले, त्याच्या बाईकच्या ऊबेवर स्वतःचा टायर शेकत. तीन फेऱ्या उरल्यावर पुढे गेले आणि जिंकले. शेकोटी म्हणून भावाचा इतका मोकळेपणाने वापर मी आजवर पाहिला नव्हता. आणि ॲलेक्सला हे सगळं समोरून, हेल्मेटच्या आत, पंधरा-सोळा फेऱ्या कळत असणार. त्याच वर्षी कतारला मॅव्हरिक विन्यालेस दुसरा आला, पोडियमवर चढला, हसला, शॅम्पेन उडवली. मग सोळा सेकंदांचा हिशेब झाला आणि तो चौदावा झाला. चषक परत नेताना कसं वाटत असेल, हे मी एकदा कल्पून बघितलं आणि सोडून दिलं.

नियमांचा विषय निघालाच आहे तर अमेरिकेतलं ऑस्टिन. २०२५, मार्चचा शेवटचा रविवार. पाऊस पडून गेलेला, ट्रॅक सुकत चाललेला, ग्रिडवर, म्हणजे सुरुवातीच्या रांगांत, बहुतेक जण पावसाळी टायरवर. सुरुवातीला अगदी काही मिनिटं उरलेली. मार्केस बाईकवरून उतरला आणि चक्क धावत सुटला. कोरड्या टायरची बाईक आणायला, पिटकडे. एरवी असं केलं की शिक्षा ठरलेली. पण त्याला पळताना बघून बाकीच्यांच्या पोटात गोळा आला. हा पळतोय म्हणजे याला काहीतरी माहीत आहे! एक पळाला, दुसरा पळाला, मग अंगात चामड्याचा सूट आणि पायात जाड बूट घातलेली डझनभर माणसं बदकांसारखी डुलत धावायला लागली. मेकॅनिक छत्र्या घेऊन मागे. ग्रिडवर इतका गोंधळ माजला की पंचांनी सुरुवातच रद्द केली आणि नव्याने उभं राहायला सांगितलं. शिक्षा कोणालाच नाही. मार्केसने नंतर हसत सांगितलं की नियम त्याने नीट वाचलेला होता. बरोबर किती जण पळाले की गोंधळ होतो, याचा त्याने हिशेब केला होता. एवढं डोकं चालवून मग तो आघाडीवर असताना स्वतःच पडला, आणि बान्याया जिंकला. मला विचाराल तर त्या दिवशीची खरी शर्यत ती पायी धावण्याचीच होती, नंतरचं सगळं उपचार म्हणून.

याच मार्केसच्या संघाला २०१३ मध्ये दहापर्यंत मोजता आलं नव्हतं, हे लक्षात घेतलं तर प्रगती मोठी आहे. फिलिप आयलंडचा नवा डांबरी पृष्ठभाग टायर खाऊन टाकत होता, म्हणून एका टायरवर दहापेक्षा जास्त फेऱ्या नकोत, मध्ये बाईक बदला, असा त्या दिवसापुरता नियम काढला. मार्केस एक फेरी उशिरा आत आला. काळा झेंडा, म्हणजे शर्यतीतून बाद. जगातले हुशार अभियंते, कोट्यवधींचं तंत्रज्ञान, आणि चूक पाढ्यात. लोरेंझो जिंकला. हे लोरेंझो प्रकरण जरा लक्षात ठेवा, परत येतोय.

मध्येच एक सांगून टाकतो, नाहीतर राहून जाईल. विजयोत्सव. हल्ली सगळे मागचं चाक टेकवून पुढचं हवेत उचलतात आणि झेंडा फडकवतात, कंटाळा आलाय. रॉसीने १९९९ मध्ये हेरेसला २५० सीसीची शर्यत जिंकल्यावर बाईक कडेला लावली, मार्शल लोकांसाठी ठेवलेल्या फिरत्या संडासात शिरला, दार लावून घेतलं, थोड्या वेळाने बाहेर आला आणि परत निघाला. विजय इतक्या नेमक्या शब्दांत, म्हणजे शब्दांशिवाय, कोणी मांडलेला नाही.

पडण्याबद्दल बोलल्याशिवाय हे व्याख्यान पुरं होत नाही. पडण्याचे दोन प्रकार. लोसाइड म्हणजे घसरगुंडी. पुढचं चाक सुटतं, बाईक एकीकडे, माणूस पाठीवर सरपटत एकीकडे. बरेचदा तो उठून उभा राहतो आणि बाईककडे अशा नजरेने बघतो, जणू तीच त्याला ढकलून गेली. हायसाइड म्हणजे गोफण. मागचं चाक घसरतं आणि मग एकदम परत पकड घेतं, बाईक झटक्यात सरळ होते आणि वरचा माणूस दगडासारखा हवेत भिरकावला जातो. त्या सेकंदाला माझी टवाळी बंद होते. मार्को सिमॉन्चेली हा रायडर २०११ मध्ये सेपांगला अपघातात दगावला, तेव्हापासून तर कोणीही पडला की मी आधी हात हलतोय का ते बघतो. हात हलला की मग त्याच्या सबबी ऐकायला मोकळा.

मार्केसचा २०२० चा हेरेसचा हात तुम्हाला माहीत आहेच. गोफण झाली, दंडाचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, आणि हा त्याच आठवड्यात परत बाईकवर! जमलं नाही म्हणून घरी गेला. मग हाडाला लावलेली धातूची पट्टी घरी खिडकी उघडताना तुटली. ताशी साडेतीनशेने जाणारा माणूस खिडकीने आडवा केला. चार शस्त्रक्रिया झाल्या, आणि पुढचं विजेतेपद थेट २०२५ मध्ये, जपानमध्ये मोतेगीला.

आणि आता लोरेंझो. २०१३, जून, नेदरलँड्समधलं आसेन. तेव्हा तिथली मुख्य शर्यत शनिवारी व्हायची, त्यामुळे सराव गुरुवारी. ओला ट्रॅक, लोरेंझो जोरात पडला, गळ्याजवळचं डावं हाड मोडलं. विमानाने बार्सिलोनाला गेला. मध्यरात्रीनंतर डॉक्टरांनी टायटॅनियमची पट्टी आणि आठ स्क्रू बसवले. शुक्रवारी परत आसेनला. शनिवारी ग्रिडवर, बारावा. तुम्ही कधी खांदा दुखत असताना शर्ट घालून बघितला असेल. हा चामड्याच्या सूटमध्ये शिरला, आणि ब्रेक लावताना अख्ख्या शरीराचा भार हातांवर येतो अशा बाईकवर सव्वीस फेऱ्या मारल्या. पाचवा आला. अकरा गुण. त्याच दिवशी रॉसीने अडीचेक वर्षांनी शर्यत जिंकली, मी वेडा व्हायला हवा होतो, आणि मी बघत होतो पाचव्या नंबरच्या माणसाला बाईकवरून कसं उतरवतात ते.

दोन आठवड्यांनी जर्मनीत, झाक्सेनरिंगला, तो परत पडला. त्याच खांद्यावर. पट्टी वाकली. परत विमान, परत टेबल. वर्षअखेरीस विजेतेपद मार्केसला गेलं, त्या पाढे चुकलेल्या पोराला, चार गुणांनी.

आसेनच्या त्या शनिवारी मला एकही विनोद सुचला नव्हता. पट्टी वाकल्याची बातमी आली तेव्हा एक सुचला, पण तो इतक्या लोकांत सांगण्यासारखा नाही. चहाच्या वेळी भेटा.